आपली मोजणी आपण करू

(बेसा, नागपूर येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरातले भाषण. वहीतल्या टिपणांवरून उतरवून देत आहोत. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



समोर बसलेल्या आया-बाया, दादा लोक, आणि मागे भिंतीला टेकून पेंगणारी पोरं, सगळ्यांना माझा जोहार. जेवण आत्ताच झालं आहे हे मला माहीत आहे. म्हणून थोडं मोठ्यानं बोलते.

मला विषय दिला तो असा : ‘गरिबीवर उपाय शोधण्यासाठी संशोधन’. मी बारावी झालेली पोरगी. संशोधन म्हटलं की पांढरा कोट, चष्मा, आणि इंग्रजी, एवढंच डोळ्यापुढं येतं. मी दादांना म्हटलं, यावर कोणी प्राध्यापक बोलवा. ते म्हणाले, प्राध्यापकावर संशोधन झालं नाही, तुझ्यावर झालं आहे, तूच बोल. तर ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्या बाजूनं बोलते.

हे बेसा बघा. माझी खोलीमालकीण सांगते, तिचं लग्न होऊन ती इथं आली तेव्हा सगळी वावरं होती. आता जिकडंतिकडं लेआउट. चुन्याची रेघ, सिमेंटचा खुंटा, त्यावर प्लॉट नंबर. एक फूट इकडचा तिकडं गेला तर दोन भाऊ कोर्टात जातात. शहरातल्या माणसाच्या दीड हजार फुटाची मोजणी टेप लावून होते, आणि आपल्या तीन एकर जबरानजोतीपुढं लिहिलेलं असतं ‘अंदाजे’. हे नागपूर शहर १७०२ साली वसवलं कोणी? देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं. त्याच शहरात आपल्या पोरींना भाड्यानं खोली घेताना आडनाव सांगावं लागतं. पण तो आजचा विषय नाही.

माझ्यावर पहिलं संशोधन झालं ते २००२ साली. दारिद्र्यरेषेची गणना आली होती, तुम्हा सगळ्यांच्या घरी आली असेल. १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. जितके कमी गुण तितका माणूस गरीब. जमीन किती, घर कसं, शौचाला कुठं जाता, कपडे किती. कपड्यांचा प्रश्न मला पक्का आठवते, कारण आजीनं दोरीवरचे मोजून दाखवले आणि अंगावरचं मोजायचं राहून गेलं. मग कर्जाचा प्रश्न आला. त्या फॉर्मात रोजच्या खाण्यासाठी सावकाराकडून उसनं घेत असाल तर शून्य गुण, आणि कर्ज नाही, मालमत्ता आहे, तर चार. आजी म्हणाली, “आमाले कोन देते बाप्पा कर्ज?” गुरुजींनी लिहिलं, कर्ज नाही. घातले चार गुण. ज्याला उसनंही कोणी देत नाही तो त्या कागदावर श्रीमंत झाला. गुरुजी वाईट नव्हते. त्यांना संध्याकाळच्या आत तीस घरं उरकायची होती.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, ती सांगायला मला लाज वाटते. बारावीनंतर एका सर्वेक्षणाच्या कामावर मी लागले. कोणाचं काम, ते सांगत नाही. फॉर्ममागे पैसे मिळायचे. फॉर्म २२ पानांचा. त्यात एक प्रश्न : कुटुंबाचं मासिक उत्पन्न. एका विधवा बाईच्या घरी गेले. ती हसली. म्हणाली, “महिन्याले? आमचं महिन्याले नसते बाई. मोहात मोह असते, तेंदूत तेंदू असते, रोवण्यात रोवणा असते. मंग काईच नसते.” मोहफूल ती पायलीनं मोजत होती, तेंदूपान पुडक्यानं, एक पुडकं ७० पानांचं. रोवण्याची मजुरी कधी पैशात, कधी धानात. वर माहेरून आलेले मूग. आता हे सगळं रुपयात करून बारानं भागायचं म्हणजे अर्धा दिवस. तेवढ्यात माझे तीन फॉर्म बुडत होते. मी १५०० लिहिलं. का १५००? कारण मागच्या घरी १५०० लिहिलं होतं.

तो आकडा कुठंतरी गेला असेल. कोणत्या तरी बेरजेत बसला असेल. त्यावरून कोणी तरी इंग्रजीत काही तरी लिहिलं असेल. त्या बाईचा मुलगा मला नंतर बाजारात भेटला, विचारत होता, “ताई, त्या कागदाचं काय झालं?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी ते काम सोडलं, पण खरं सांगते, लगेच नाही सोडलं. आणखी दोन महिने केलं. खोलीचं भाडं होतं.

म्हणून कोणी संशोधनाला शिव्या घालू लागला की मी अर्धी त्याच्या बाजूची असते. पण अर्धीच. कारण मोजणी चुकली तर आपलंच पोट चुकते, आणि बरोबर झाली तर काय होऊ शकते ते पण मी वाचलं आहे.

रोजगार हमीचं उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळातून ही योजना महाराष्ट्रात उभी राहिली, वि. स. पागे यांनी मांडलेली. देशात नरेगा आली त्याच्या कितीतरी आधी. पण मजुरी किती? दिवसाला ४ रुपये. हा आकडा हवेतून नव्हता आला, समितीनं हिशोब करून काढला होता. माणसाला जगायला किती उष्मांक लागतात, त्याचं धान्य किती, त्याची किंमत किती. हिशोब दिसला की आपण गप्प बसतो, की शिकलेल्या लोकांनी काढला आहे. त्या वेळी वर्धेकडं एक तरुण डॉक्टर होते, अभय बंग. ते मजुरांमध्ये काम करत होते. त्यांनी तो हिशोबच उघडून पाहिला. उन्हात माती खोदणाऱ्याला खुर्चीवर बसणाऱ्यापेक्षा किती जास्त खायला लागते? घरातल्या लेकरांचं आणि म्हाताऱ्यांचं पोट कुठं धरलं आहे? मजूर काय फक्त ज्वारीवर जगतो, तेल-मीठ-कापड नाही लागत? सगळं जोडून त्यांनी दाखवलं की मजुरी १२ रुपये पाहिजे. ४ ची तिप्पट. आणि सरकारला मजुरी वाढवावी लागली. मोर्चे तेव्हाही निघत होते, पण मोर्च्याच्या हातात तो कागद आला म्हणून समोरच्याला उत्तर देता आलं नाही.

आता ४ रुपयांचा जमाना गेला असं कोणी म्हणेल. २०११ च्या सप्टेंबरात योजना आयोगानं सुप्रीम कोर्टात काय लिहून दिलं? खेड्यात दिवसाला २६ रुपये आणि शहरात ३२ रुपये खर्च करणारा गरीब नाही. बेसा आता शहरात धरायचं की खेड्यात ते मला माहीत नाही, पण इथून सीताबर्डीला जायचं यायचं आणि एक कप चहा प्यायचा, की ३२ रुपयांत काय उरते तुम्हीच सांगा. तोच जुना हिशोब, उष्मांक आणि धान्य. तो उघडून बघणारे पाहिजेत.

हेच बंग दांपत्य पुढं गडचिरोलीला गेलं. तिथं गावोगावी लेकरं मरत होती. सरकारी कागदावर ती मरतच नव्हती, कारण जन्माची नोंदच नाही तर मरणाची कुठून होणार? त्यांनी पहिलं काम केलं ते मोजायचं. गावातल्या माणसाकडून, प्रत्येक जन्म, प्रत्येक मरण. मग ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, बाळ जन्मलं की त्याला कोरडं करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास घेत नाही तर काय करायचं, जंतुदोष कसा ओळखायचा. शेजारच्या ४७ गावांत सरकारची नेहमीची व्यवस्था. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते विलायतेच्या मोठ्या मासिकात छापून आलं आणि दुसऱ्या देशांनी ते उचललं. कमी शिकलेली बाई बाळ वाचवू शकते, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. पण ‘ठाऊक आहे’ म्हणून योजना बदलत नाही. मोजून दाखवलं तेव्हा बदलली.

एक लांबचं पण आपल्यासारखंच उदाहरण. राजस्थानात उदयपूरकडं, भिल लोकांचा भाग. तिथं लेकरांना लसी टोचत नव्हते. सगळे म्हणायचे, आदिवासी अडाणी, अंधश्रद्धाळू. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो अशी परदेशात शिकवणारी माणसं तिथल्या संस्थेबरोबर कामाला लागली. काही गावांत काहीच नवीन केलं नाही. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता शिबिर घेतलं. आणि काही गावांत शिबिर अधिक दर टोच्यामागं एक किलो डाळ. कोणत्या गावात काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे कोणी आपल्या सोयीची गावं निवडली असं नको. पहिल्या गावांत १०० लेकरांमागं ६ जणांच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या. नुसत्या शिबिरानं १८. डाळीसकट ३९.

मला हे वाचून आधी राग आला. आपल्याला डाळीनं तोलता? मग विचार केला. ६ चे १८ कशानं झाले? नर्स वेळेवर आली म्हणून. म्हणजे निम्मा अडाणीपणा आपला नव्हताच, कुलूप लावलेल्या दवाखान्याचा होता. आणि बाईनं एक दिवस मजुरी बुडवून चालत यायचं, तर एक किलो डाळ काही लाच नाही, बुडालेल्या दिवसाची थोडी भरपाई आहे. हे त्यांनी मोजलं म्हणून कळलं, त्याबद्दल त्यांना मानते. पण तरी माझं एक म्हणणं उरतेच. तिथल्या बायांना कोणी विचारलं का, तुमचा पहिला प्रश्न कोणता? कदाचित त्या म्हणाल्या असत्या, लस नंतर बघू, आधी त्या जमिनीचा पट्टा द्या. पट्टा कोणाला द्यायचा ते चिठ्ठी टाकून ठरवता येत नाही. ज्याची त्याची जमीन आहे. प्रश्न कोण विचारतो, त्यावर उत्तर कुठं जाणार ते ठरते.

म्हणून मला मेंढा-लेखा जास्त जवळचं वाटते. धानोरा तालुका, गडचिरोली. आपल्यातल्या काहींनी पाहिलं आहे, पण नवीन पोरांसाठी सांगते. इंचमपल्ली-भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध आंदोलन झालं, त्यातून जागा झालेला हा गाव. देवाजी तोफा गावचे, आणि वृक्षमित्रचे मोहन हिराबाई हिरालाल बाहेरचे. बाहेरच्यानं येऊन भाषण नाही दिलं. गावात अभ्यास गट सुरू झाले. त्याचा नियम मला फार आवडते : अभ्यास गट निर्णय घेत नाही, फक्त अभ्यास करते. निर्णय ग्रामसभेचा, तोही सगळ्यांच्या सहमतीनं. त्यामुळं अभ्यासात कोणाला जिंकायचं नसते, बोलताना माणूस मोकळा होतो. बाहेरचा शिकलेला येऊ शकते, पण तो एक बसणारा, मालक नाही. जंगलावर आपला निस्तार हक्क जुन्या कागदात कुठं आहे, हे त्यांनी असं बसून शोधलं. मधाचा अभ्यास केला, की माशा जाळायच्या नाही, पोळं पूर्ण तोडायचं नाही, तरी मध कसं काढायचं. हे पण संशोधनच ना? यात पांढरा कोट कुठं आहे?

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. अभ्यास आधीच झालेला होता, म्हणून दावा लवकर आणि पक्का गेला. २००९ मध्ये १८०९.६१ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. दशांश चिन्हानंतरचे आकडे पण लक्षात ठेवा, ‘अंदाजे’ नाही. तरी बांबू विकायला वनखातं वाहतूक परवाना देईना. म्हणे बांबू लाकूड आहे. कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की बांबू गौण वनोपज आहे, आणि कोणत्याही पोराला विचारा, ते गवतच आहे. गावानं नमतं घेतलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. गावाला जावं लागलं नाही, सरकार गावात आलं.

आता आमच्या गावाचं. नाव घेत नाही, कारण काम अजून अडकलेलं आहे. धानपट्ट्यातलं गाव, बोडी आहे, बाजूला जंगल. आमचे वैयक्तिक दावे परत आले. एका ओळीत कारण : ‘पुरावा अपुरा’. काहींना तर कारणही नाही. लोक म्हणाले, चला मोर्चा काढू. आम्ही चार पोरी आणि दोन पोरं म्हणालो, मोर्चा काढूच, पण आधी महिनाभर मोजू.

नियम १३ काढून वाचला. पुरावा म्हणजे फक्त सातबारा नाही. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालते. विहीर, बांध, मसण, देवाची जागा, हे चालते. सरकारी कागद चालतात. किमान दोन पुरावे पाहिजेत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं तर साफ म्हटलं आहे की समितीनं अमुकच कागद आणा असा हट्ट धरायचा नाही, आणि उपग्रहाचा फोटो बाकी पुराव्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

सगळ्यात मोठा पुरावा आमच्या आजीच्या पत्र्याच्या डब्यात निघाला. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. आजोबांना अतिक्रमण म्हणून दंड झाला होता, एकदा नाही, चारदा. आजीनं त्या फेकल्या नव्हत्या, कारण तिला वाटायचं पुन्हा पैसे मागायला येतील, तर दाखवायला पाहिजे. ज्या कागदानं आपल्याला चोर म्हटलं तोच कागद आता सांगते की त्या तारखेला हा माणूस ह्या जमिनीवर कसत होता. मग घरोघरी डबे उघडले. कोणाच्या पावतीला वाळवी लागलेली, कोणाची चुलीत गेलेली. जी सापडली ती वहीत चिकटवली, खाली नाव, गट, तारीख. ज्यांची नाही सापडली त्यांच्या वावरात गेलो, बांधीच्या धुऱ्यावरचे मोठे मोह मोजले, दोरीनं घेर मोजला, म्हाताऱ्यांना विचारलं हा कोणी राखला. बायांना वेगळं बसवून विचारलं, कारण बाप्ये बसले की बाया बोलत नाहीत. आणि खरी हद्द बायांनाच माहीत होती. निंदण त्याच करतात ना.

आता जे सांगणार आहे ते सांगू नको असं मला काही जण म्हणाले. पण सांगते. मोजताना असं निघालं की तीन दावे खरे नव्हते. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५. त्या आधीचा ताबा पाहिजे. हे तीन तुकडे त्याच्या नंतर फोडलेले. खुंट अजून ताजे होते. त्यातला एक माझ्या सख्ख्या काकाचा. २००७ चा पावसाळा, मला तारीख काढायला डबा उघडायची गरज नव्हती, त्या वर्षी मीच त्यांना शिदोरी नेऊन देत होते.

रात्री आम्ही सहा जण बसलो. एक म्हणाला, कोणाला कळते? साहेब लोकांना दहा वर्षांचा फरक कळत नाही. खरं आहे. पण मला ते १५०० आठवले. मी तेव्हाही म्हटलं होतं, कोणाला कळते. आणि दुसरी गोष्ट, तीन खोटे सापडले की बाकीचे खरे पण खोट्यात जातात, एवढी संधी कोण सोडणार?

आम्ही निर्णय नाही घेतला. वही ग्रामसभेत ठेवली. दोन रात्री भांडण झालं. काकू मला म्हणाली, “शहरात राहून सरकारची झाली.” शेवटी काकाच उठले. म्हणाले, माझा कागद काढा, पण मी उपाशी मरणार नाही याचं पण लिहा. तिन्ही दावे मागं घेतले, आणि ठराव केला की सामूहिक हक्क मिळाला की बांबू-मोहाच्या कामात ह्या तीन घरांचा पहिला नंबर. काका माझ्याशी अजून बोलत नाहीत. ठरावाच्या वहीवर त्यांची सही मात्र आहे, अंगठा नाही, सही. बाकीच्या सगळ्या दाव्यांना आता दोन किंवा तीन पुरावे आहेत.

निकाल काय लागेल मला माहीत नाही. दावा नाकारल्याचं कळल्यापासून ६० दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येते. आमचे २३ दिवस उरले आहेत. तुमच्यापैकी ज्यांचे दावे परत आले त्यांनी आधी परत आलेल्या कागदावरची तारीख बघा, आणि तारीखच नसेल, तर कागद कोणत्या दिवशी हातात आला ते आज रात्रीच लिहून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन.

चहा झाल्यावर आम्ही ती वही मधे ठेवणार आहोत. हाताळा, पण पावत्या उचकटू नका, डिंक कच्चा आहे. ज्यांना जबाब कसा लिहून घ्यायचा ते शिकायचं आहे त्यांनी माझ्याकडं बसा, ज्यांना दोरी-टेपनं बांधी मोजायची आहे त्यांनी बाहेर पटांगणात. बाजूच्या लेआउटचे खुंटे आहेतच सरावाला. फक्त उपटू नका.

जय सेवा!